सेवा चांगली आहे हे कसं ओळखायचं? अठ्ठेचाळीस निर्यापकांपासून आजच्या वृद्धाश्रमापर्यंत



दशलक्षण पर्वात आपण तत्त्वार्थसूत्राचा रोज एक अध्याय ऐकतो. नवव्या दिवशी नववा अध्याय येतो आणि त्यात सहा अंतरंग तपं येतात. त्यातलं तिसरं तप म्हणजे वैयावृत्त्य. कोणाकोणाची सेवा करायची, त्या दहा जणांची यादीही तिथेच आहे. आचार्य, उपाध्याय, तपस्वी, शैक्ष आणि मग ग्लान, म्हणजे आजारी. इतकी वर्षं हे सूत्र कानावरून गेलं. यंदा मात्र ‘ग्लान’ शब्दापाशी डोळे भरून आले. त्याचं कारण आमच्या आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई.

मांजरसुंब्याच्या चौकात आमचं किराणा दुकान आहे. धुळे-सोलापूर रस्ता आणि पाटोद्याकडून केजकडे जाणारा रस्ता इथेच एकमेकांना कापतात, त्यामुळे आमच्या दारात रात्रभर गाड्यांचा आवाज. आत्याबाईंचं वय आता सत्त्याऐंशी. पाच वर्षांपासून त्या अंथरुणालाच आहेत. त्यांना उठवणं, बसवणं, न्हाऊ घालणं हे सगळं मीच करत आले. गेल्या वर्षी माझ्याच गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं. तेव्हा दोन महिन्यांसाठी आम्ही त्यांना एका मोठ्या शहरातल्या वृद्धाश्रमात ठेवलं. मी आणि आमचे हे आधी जाऊन पाहून आलो होतो. फरशी चकचकीत, बाग छान, आणि मुख्य म्हणजे ‘जैन जेवण मिळेल’ असं सांगितलेलं.

दोन महिन्यांनी आत्याबाई घरी आल्या तेव्हा माकडहाडाजवळ जखम होती आणि हाडं वर आली होती. मी तिथली नोंदवही मागून घेतली. दर दोन तासांनी कूस बदलल्याच्या सह्या होत्या. रात्रीच्या दोनच्या, चारच्या, सगळ्या. पण सगळ्या एकाच शाईच्या, एकाच हाताच्या, एका बैठकीत केल्यासारख्या. जेवणापुढेही रोज ‘दिले’ अशी खूण. रात्रीचं जेवण तिथे आठ वाजता यायचं. कांदा-लसूण नसायचा हे खरं, पण आत्याबाईंचा रात्रीभोजनाचा त्याग लग्नाआधीपासूनचा. ताट यायचं तसं परत जायचं. दोन महिने कोणी विचारलं नाही आणि त्यांनी कोणाला सांगितलं नाही.

मी बी.कॉम. झालेली बाई. कॉलेजात आम्हाला शिकवलं होतं, ट्रायल बॅलन्स जुळला म्हणजे हिशोब बरोबर असं नाही. एखादी नोंदच पूर्णपणे राहून गेली, तर दोन्ही बाजू तरीही जुळतात. ती चूक वहीत सापडत नाही, मूळ पावतीपाशी जावं लागतं. आत्याबाईंच्या बाबतीत मूळ पावती म्हणजे त्यांची पाठ होती आणि ती मी पाहिली नव्हती. फोनवर रोज ‘बरं आहे’ ऐकलं आणि समाधान मानलं.

त्या अपराधीपणातूनच मी शोधत बसले. सेवा चांगली आहे की नाही, हे माणसांनी आजवर कसं पाहिलं? सगळ्यात जुनं उत्तर मला आपल्याच ग्रंथात मिळालं.

आचार्य शिवार्यांची ‘भगवती आराधना’ तुमच्यापैकी काहींनी स्वाध्यायात ऐकली असेल. त्यात सल्लेखना घेतलेल्या क्षपकाची सेवा करणाऱ्या निर्यापकांचं वर्णन आहे. त्यांची संख्या अठ्ठेचाळीस आणि कामं चार-चार जणांना वाटून दिलेली. चौघांनी क्षपकाला उठवायचं, बसवायचं, कूस बदलायची. चौघांनी धर्मकथा सांगायची. कोणाकडे आहार, कोणाकडे पाणी, कोणाकडे त्या आहाराची राखण. चौघांनी मलमूत्र दूर करून जागा स्वच्छ ठेवायची. कोणी दारावर थांबायचं. आणि चौघांनी रात्री जागायचं. कूस बदलणं, मलमूत्र साफ करणं आणि रात्र जागणं ही कामं धर्मकथेच्या शेजारी, त्याच मानाने मोजली आहेत.

काळ कठीण असेल, इतके साधू मिळत नसतील, तर संख्या कमी करायला ग्रंथ परवानगी देतो. चव्वेचाळीस, चाळीस असं करत शेवटी दोन. पण एक मात्र चालत नाही. एकटाच निर्यापक असेल तर तो स्वतःच्या आहाराला, देहधर्माला गेला की क्षपक उघडा पडतो. गेला नाही तर तो स्वतःच कोसळतो. दोघांचीही हानी आणि धर्माचीही. हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून किती तरी वेळ बसून राहिले. पाच वर्षं घरात मी एकटीच होते ना!

अशी सेवा आपल्या भागाने पाहिलेली आहे. मांजरसुंब्याहून सोलापूरच्या रस्त्याने चौसाळ्याच्या पुढे गेलं की कुंथलगिरीची वाट लागते. तिथेच आचार्य शांतिसागर महाराजांची समाधी झाली. दृष्टी मंदावली, जीवरक्षा नीट होईना, म्हणून त्यांनी ऑगस्ट १९५५मध्ये सल्लेखना घेतली आणि छत्तीसाव्या दिवशी, १८ सप्टेंबर १९५५ला देह ठेवला. आत्याबाई तेव्हा सतरा वर्षांच्या. वडिलांबरोबर बैलगाडीतून गेल्या होत्या. त्यांना गर्दी आठवत नाही. आठवतं ते एवढंच, की महाराजांजवळ सारखं कोणीतरी असायचं, एक उठला की दुसरा आधीच येऊन बसलेला.

मग गृहस्थांसाठी अशी व्यवस्था का उभी राहिली नाही? मुक्या प्राण्यांसाठी तर राहिली. मुंबईची पांजरपोळ १८३४ची. जमशेटजी जीजीभॉय आणि अमीचंद शहा यांनी ती सुरू केली. म्हाताऱ्या गाईच्या कडब्याचा हिशोब ट्रस्टच्या वहीत येतो, सभेपुढे वाचला जातो. म्हाताऱ्या माणसाची सेवा मात्र घरातली बाई करत आली. तिच्या कामाची वही नाही, पाळी नाही, सुट्टी नाही. म्हणून घरातली सेवा चांगली होती की वाईट, हे कोणी कधी मोजलंच नाही. आपण ‘पूर्वी घरात किती छान व्हायचं’ म्हणतो. काही घरी होत असेल. काही घरी मागच्या खोलीत काय होत होतं, ते मागच्या खोलीलाच ठाऊक.

पुण्यात १८६०च्या दशकात डेव्हिड ससून यांच्या देणगीतून निराधार आणि अपंगांसाठी आश्रयस्थान सुरू झालं. आज ते ‘निवारा’ म्हणून ओळखलं जातं. त्याच सुमाराची लंडनची एक गोष्ट सांगते. लुईझा ट्विनिंग नावाची बाई १८५३मध्ये तिथल्या गरीबखान्यात एका ओळखीच्या म्हातारीला भेटायला गेली. तिथे आजाऱ्यांची सेवा तिथलेच दुसरे गरीब करत, शिकलेली परिचारिका नसायची. तिने विचारलं, आम्ही बायका ठरवून नियमित भेटायला येऊ का? आधी नकारच मिळाला. पण ती हटली नाही. १८५८मध्ये अशा भेटी देणाऱ्यांची संस्था उभी राहिली आणि १८६५मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने गरीबखान्यांतल्या दवाखान्यांची स्वतंत्र पाहणी सुरू केली. सुरुवात झाली ती एका म्हातारीच्या भेटीला गेलेल्या बाईपासून.

आपल्याकडे मुंबई प्रांतात १९४९ला नर्सिंग होम नोंदणीचा कायदा झाला. त्यात आजार आणि इजेबरोबर अशक्तपणाही धरला आहे, पण जिथे उपचार आणि शुश्रूषा दोन्ही होतात अशाच जागा त्यात येतात. नुसतं राहायला आणि जेवायला देणारा वृद्धाश्रम सहसा त्यात बसत नाही. १९९५नंतर राज्यात ‘मातोश्री’ वृद्धाश्रमांची योजना आली. २००७चा आईवडील आणि ज्येष्ठ नागरिकांचा कायदा सांगतो की शासनाने टप्प्याटप्प्याने प्रत्येक जिल्ह्यात किमान एक वृद्धाश्रम उभारावा, निदान दीडशे निराधारांसाठी, आणि तिथल्या सेवांची मानकं ठरवावीत. मात्र शब्द ‘उभारू शकेल’ असा आहे, ‘उभारलाच पाहिजे’ असा नाही. हिशोब शिकलेल्या बाईला या दोन शब्दांतला फरक लगेच कळतो.

मोजायचं कसं, हे अवेडिस डोनाबेडियन नावाच्या डॉक्टरने १९६६मध्ये फार सोप्या रीतीने मांडलं. तीन गोष्टी बघा, तो म्हणाला. रचना, प्रक्रिया आणि परिणाम. आपल्या भाषेत, दुकानात फर्निचर काय आहे, व्यवहार कसा होतो आणि शेवटी हाती काय राहतं. मी फक्त फर्निचर पाहून आले होते. अमेरिकेतही आधी बहुतेक तेच पाहिलं जायचं. १९८६च्या एका मोठ्या अहवालाने त्यावर बोट ठेवलं आणि १९८७च्या कायद्याने तपासणीचा रोख इमारत आणि कागदांवरून राहणाऱ्या माणसाकडे वळवला. त्याला उगाच बांधून ठेवत नाहीत ना, जखमा होत नाहीत ना, त्याला विचारतात का.

आता दिवाळीनंतर माझ्या दुसऱ्या गुडघ्याचं ऑपरेशन आहे. प्रश्न पुन्हा तोच. या वेळी मी दोन ठिकाणी न सांगता गेले, संध्याकाळी साडेसातला. पहिल्या ठिकाणी वॉचमनने दारातूनच परत पाठवलं, ‘रविवारी चार ते सहा या.’ मला लुईझाबाई आठवली. दुसऱ्या ठिकाणी आत सोडलं. इमारत जुनी, भिंतीला ओल. पण एक मावशी एका आजोबांची कूस बदलत होत्या आणि रात्रपाळीची मुलगी शेजारी उभी राहून बघत होती. पाठ दोघींनी मिळून पाहिली, मग वहीत दोघींनी सह्या केल्या. दोन रंगांच्या शाईत. मी सूर्यास्तापूर्वीच्या जेवणाचं विचारलं. त्या म्हणाल्या, ‘साडेपाचला देऊ, पण आजी जेवल्या की नाही ते तुम्हीही फोनवर रोज त्यांनाच विचारा.’

घरी येऊन आत्याबाईंना सगळं सांगितलं. बागेचं, खोलीचं, जेवणाचं. त्यांनी एकच विचारलं, ‘रात्री कोण असतं गं?’ मी दोघींची नावं सांगितली. त्यांनी मान हलवली.

या वेळी दीड महिनाच ठेवायचं ठरलंय. सोलापूरच्या नणंदबाई मंगळवारी जातील, लातूरच्या जाऊबाई शनिवारी, आणि वेळ आधी कळवायची नाही. गेल्यावर आधी पाठ बघायची, मग गप्पा. कॅलेंडरच्या मागे मी कामांची यादी केली आहे आणि प्रत्येक कामापुढे नाव लिहिलंय. त्या घरी परत आल्यावरही ती यादी तशीच राहणार आहे. रात्रीच्या रकान्यात माझ्याशिवाय आणखी एक नाव असेल, पगार देऊन का होईना. जावेला हे सांगताना आधी मला लाज वाटत होती. आता वाटत नाही. अठ्ठेचाळीस जणांचं काम एकटीने करणं म्हणजे तप नव्हे, हे ग्रंथानेच सांगितलंय.

तुमच्या घरचं, नात्यातलं कोणी अशा ठिकाणी असेल तर या आठवड्यात एकदा न सांगता जाऊन या. जाताना सूर्यास्ताची वेळ धरा.

जय जिनेंद्र.