शेवटची वीस मिनिटं आणि आमचा गोलकी

मागच्या महिन्यात नातू सुट्टीला आला होता. त्याने मोबाईलवर 'मैदान' पिक्चर लावून दिला, तो अजय देवगणचा, हैदराबादच्या रहीमसाहेबांवरचा. म्हणाला, "आजोबा, तुम्ही कॉलेजच्या टीममध्ये होतात ना?" म्हटलं, होतो, पण खेळायला नव्हतो. मी हिशोब ठेवायला होतो. कॉमर्सचा विद्यार्थी म्हणून सरांनी माझ्या हातात वही दिली. खर्च, प्रवास, लिंबं-ग्लुकोज आणि सामन्याची नोंद, सगळं माझ्याकडे. ती वही अजून माझ्या लोखंडी पेटीत आहे. बँकेच्या नोकरीत सोळा बदल्या झाल्या तरी ती पेटी काही सोडली नाही.

त्या वहीमुळे ही पोस्ट लिहितोय. जरा लांबेल. आपल्या दुबलगुंडीच्या आणि हुमनाबाद भागातल्या जुन्या लोकांना यातलं बरंच ओळखीचं वाटेल.

साल 1970-71. आमचं गावाकडचं पोर म्हणजे दुबलगुंडीहून हुमनाबाद, तिथून कमलापूरवरून बसने गुलबर्गा. तेव्हा बीदर-गुलबर्गा रेल्वे कुठली? ती 2017 ला झाली. मी शहरात खोली करून राहायचो. आमच्या कॉलेजची फुटबॉल टीम त्या वर्षी चांगली होती, हे मी आपुलकीने म्हणत नाही, वहीत आहे. ऑगस्ट ते नोव्हेंबर एकही सामना हरली नाही. आणि मग डिसेंबरअखेरपासून ओळीने चार सामने गेले. चारही एका गोलाने. चारही सामन्यांत आधी बरोबरी किंवा आपली आघाडी आणि शेवटी बट्ट्याबोळ.

का हरलो यावर तेव्हा कॉलेजात जेवढी तोंडं तेवढी कारणं. कोणी म्हणे होस्टेलचं जेवण, कोणी म्हणे दृष्ट लागली. पण शेवटी सगळ्यांचं एका माणसावर एकमत झालं, आमच्या गोलकीपरवर. आम्ही त्याला गोलकी म्हणायचो. बसवकल्याणकडचा, शेतकऱ्याचा मुलगा. चारही सामन्यांत शेवटचा गोल त्याच्या अंगावरून गेला होता, तेव्हा दोष त्याचाच, एवढा सोपा हिशोब. पुढे कॅन्टीनमध्ये कोणीतरी उठवलं की धारवाडकडच्या सामन्यात त्याने पैसे खाल्ले. ते मीही ऐकलं. पुढचं नंतर सांगतो.

आता थोडं मागे जाऊ या, कारण ह्या गोष्टीचं मूळ गुलबर्ग्यात नाही.

आपला बीदर-गुलबर्गा भाग 1948 च्या सप्टेंबरपर्यंत निजामाच्या राज्यात आणि 1 नोव्हेंबर 1956 पर्यंत हैदराबाद राज्यात होता, हे इथल्या लोकांना सांगायला नको. पण फुटबॉलच्या दृष्टीने याचा अर्थ काय ते सांगतो. त्या काळात हैदराबाद म्हणजे फुटबॉलचं माहेरघर. सय्यद अब्दुल रहीम पेशाने शिक्षक. 1943 पासून मरेपर्यंत हैदराबाद फुटबॉल असोसिएशनचे सेक्रेटरी. त्यांच्या हाताखालच्या हैदराबाद सिटी पोलिसने मुंबईचा रोव्हर्स कप 1950 ते 1954 सलग पाच वेळा जिंकला. कूपरेजच्या मैदानावर बाहेरगावची टीम येऊन पाच वर्षं कप घेऊन जाते, मुंबईकरांना काय वाटलं असेल बघा. रहीमसाहेबांची शिकवण्याची रीत साधी. पोरांच्या स्पर्धा भरवायच्या, त्यात कधी फक्त कमजोर पायाने खेळायचं, कधी चेंडू पायात घोळवायला मनाई, आला की दिला. माझे वडील हैदराबादला कामानिमित्त जायचे, ते पोलिसचे सामने बघून यायचे आणि ओट्यावर बसून सांगायचे.

आता त्या काळातली एक गोष्ट आजच्या पोरांना खरी वाटत नाही. आपल्या देशातले बहुतेक मोठे सामने तेव्हा सत्तर मिनिटांचे असत, पस्तीस-पस्तीसचे दोन हाफ. बाहेरच्या जगात नव्वद. म्हणजे आपला खेळाडू वर्षभर सत्तर मिनिटांची मजुरी करायचा आणि ऑलिंपिकला गेला की त्याच्याकडून नव्वद मिनिटांचं काम मागायचे.

रिटायर झाल्यावर मला जुन्या सामन्यांच्या वेळा लिहून काढायचा नाद लागला. बँकेतली सवय, आकडा दिसला की ताळा करून बघायचा. लंडन ऑलिंपिक, 31 जुलै 1948, भारत विरुद्ध फ्रान्स. स्वतंत्र भारताचा पहिला ऑलिंपिक सामना. आपले बहुतेक खेळाडू अनवाणी. (तेव्हा आपण इकडे अजून निजामाच्या राज्यात आणि रझाकारांच्या धाकात, फुटबॉलचं कोणाला सुचणार!) फ्रान्सने पहिला गोल केला, सारंगपाणी रमनने सत्तराव्या मिनिटाला बरोबरी केली. सत्तराव्या! आपल्याकडे असता तर सामना तिथेच संपला असता. फ्रान्सचा जिंकणारा गोल एकोणनव्वदाव्या मिनिटाला झाला. आता खरं सांगायचं तर त्या सामन्यात आपल्याला दोन पेनल्टी मिळाल्या होत्या आणि शैलेन मन्ना आणि महावीर प्रसाद दोघांच्याही हुकल्या. त्या गेल्या नसत्या तर हा विषयच निघाला नसता.

रोम ऑलिंपिक, 29 ऑगस्ट 1960, पुन्हा फ्रान्स. पी. के. बॅनर्जींचा गोल एकाहत्तराव्या मिनिटाला. आपण पुढे. अकरा मिनिटांनी फ्रान्सची बरोबरी, 1-1. तो सामना हातातून निसटला आणि त्याबरोबर पुढची फेरीही.

पण प्रत्येक वेळी हे गणित बसत नाही, तेही नोंदवतो. 1956 चं मेलबर्न. आपण ऑस्ट्रेलियाला 4-2 ने हरवलं, नेव्हिल डिसोझाचे तीन गोल, ऑलिंपिकमध्ये हॅटट्रिक करणारा पहिला आशियाई. मग 4 डिसेंबरला सेमीफायनल, युगोस्लाव्हियाविरुद्ध. बावन्नाव्या मिनिटाला पुन्हा नेव्हिलच, आपण 1-0 ने पुढे. आणि मग चोपन्न, सत्तावन्न, पासष्ट, अठ्ठ्याहत्तर, चार गोल खाल्ले, शेवटचा तर आपल्याच पायाने. यातले तीन सत्तरच्या आत आहेत. तिथे दमापेक्षा समोरच्याचा दर्जा मोठा होता असं माझं मत. आणि रोममध्येच हंगेरीविरुद्ध आपल्या सिकंदराबादच्या तुळसीदास बलरामने एकोणऐंशीव्या मिनिटाला गोल केला होता, म्हणजे आपल्या पायात तेव्हाही थोडा जीव होता. तरी एक गोष्ट राहतेच. अनुभव असा आहे की फुटबॉलमध्ये पहिल्या हाफपेक्षा दुसऱ्या हाफमध्ये गोल जास्त होतात आणि शेवटच्या पंधरा मिनिटांत तर फारच. स्नायूंमधली साठवलेली साखर तोपर्यंत सरत आलेली असते. बॅक एक पाऊल उशिरा पोहोचतो. गोलकीपर दमलेला नसतो, पण त्याच्यासमोर मारणारा माणूस दहा फूट जवळ आलेला असतो. लोकांना दिसतो तो फक्त गोलकीपर.

आणि बदली खेळाडू? तेव्हा ती सोय कुठे होती? वर्ल्ड कपमध्येसुद्धा बदली खेळाडू पहिल्यांदा उतरवता आले ते 1970 ला, मेक्सिकोत. अकरा गेले ते अकराच. कोणाचा पाय मुरगळला तर त्याला कडेला उभा करायचा.

मेलबर्न ऑलिंपिक सुरू झालं 22 नोव्हेंबर 1956 ला. त्याच्या तीन आठवडे आधी आपलं हैदराबाद राज्य मोडलं होतं. नूर मोहम्मद, अझीझ, बलराम, झुल्फिकारुद्दीन अशी हैदराबादची पोरं भारताकडून खेळत होती आणि आपण मात्र म्हैसूर राज्यात गेलो होतो. आपली कॉलेजं उस्मानियाकडून धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठाकडे गेली (गुलबर्गा विद्यापीठ व्हायला पुढे 1980 उजाडलं). भाषावार राज्यं झाली याबद्दल मला तक्रार नाही, आपल्या मराठी माणसाची जी काही तक्रार आहे ती वेगळी आहे. पण खेळापुरतं बोलायचं तर रहीमसाहेबांचं शहर रात्रीच्या बसने गाठता येत असताना आमची पोरं उलट्या दिशेला जाऊ लागली, हे माझं ठाम मत आहे.

आता वहीकडे येतो.

आमचे घरचे सामने चार-साडेचारला कॉलेज सुटल्यावर सुरू व्हायचे. पावसाळ्यानंतर दिवस लहान. सहाच्या आत संपवायचं म्हणून कधी तीस-तीस मिनिटं, फार तर पस्तीस-पस्तीस. सरावही तेवढाच. विद्यापीठाच्या शेवटच्या फेऱ्या मात्र पूर्ण नव्वद मिनिटांच्या आणि त्या सगळ्या धारवाड-हुबळीकडे. त्या चारही सामन्यांतला शेवटचा गोल माझ्या नोंदीत पासष्ट मिनिटांच्या पुढे आहे. तेव्हा मी हे आकडे लिहिले, पण कधी एकाखाली एक मांडून बघितले नाहीत. पंचावन्न वर्षांनी मांडले.

त्यात प्रवास. गुलबर्ग्याहून होटगी, होटगीला उतरून मीटरगेज, विजापूर, गदग, हुबळी करत धारवाड. थर्ड क्लासच्या लाकडी बाकावर रात्र काढायची आणि दुसऱ्या दिवशी दुपारी मैदानात उतरायचं. वहीत जेवणाचा खर्च बघितला तर लाज वाटते. माणशी दोन इडल्या आणि चहा. पैसे वाचवल्याबद्दल सरांनी माझी पाठ थोपटली होती.

आणि तिसरं, डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे काय असतं? दत्तजयंतीला माणिकनगर. मग येळवस. येळवसला शेतात भज्जी, आंबील, उंडे सोडून कोण फुटबॉलला थांबतो? लगेच तुरीची रास. जानेवारीअखेर हुमनाबादला वीरभद्रेश्वराची जत्रा. सप्टेंबरात आमच्याकडे अठरा पोरं सरावाला यायची. शेवटच्या सामन्याला वहीत बारा नावं आहेत, त्यातला बारावा मी. गोलकी प्रत्येक सामन्याला हजर होता. त्याच्याही घरी रास होती.

मैदानही लक्षात घ्या. गुलबर्ग्याची काळी रेगड, पावसात घोटाभर चिखल आणि जानेवारीत भेगा. तिथे चेंडू कुठे उडेल नेम नाही म्हणून आमची पोरं चेंडूमागे पळत सुटायची. रहीमसाहेबांची "आला की दिला" रीत आम्हाला कोणी शिकवलीच नव्हती. पळून पळून साठ मिनिटांत जीव घशाशी.

आता पैशांची गोष्ट.

ज्या धारवाडच्या सामन्यात गोलकीने पैसे खाल्ले म्हणून बोंब झाली, त्याच्या दुसऱ्या दिवसाची नोंद माझ्या अक्षरात आहे. त्याच्या नावे उचल, रुपये 15. वडील आजारी असल्याची चिठ्ठी आली होती आणि गुलबर्ग्याहून पुढे गावी जायला त्याच्याकडे भाडं नव्हतं. पैसे खाल्लेला माणूस दुसऱ्या दिवशी पंधरा रुपये उसने मागतो का? हे कॅन्टीनमध्ये बसलेल्या पंचवीस पोरांत फक्त मला माहीत होतं. मी बोललो नाही. का नाही बोललो? एक तर टीमच्या पैशातून उचल द्यायची मला परवानगी नव्हती. दुसरं, मला वाटलं चार दिवसांत विसरतील. पोरं विसरली नाहीत. त्याने नंतर ग्लोव्हज घातले नाहीत आणि शेवटच्या वर्षाच्या परीक्षेलाही तो बसला नाही. बँकेत असताना दुसऱ्यांच्या चुकांवर मी पानंच्या पानं रिपोर्ट लिहिले. स्वतःच्या ह्या एका नोंदीवर एक ओळ लिहिली नाही.

रहीमसाहेबांनी 1962 ला जकार्ता एशियाडमध्ये काय केलं बघा. फायनलला, 4 सप्टेंबरला, कोरियाविरुद्ध त्यांनी तापातून उठलेल्या पीटर थंगराजला गोलमध्ये उभं केलं. डोक्याला टाके पडलेला जर्नेल सिंग एरवी बॅकला खेळणारा, त्याला पुढे खेळवलं. वीस मिनिटांत दोन गोल केले. कोरियाने पंच्याऐंशीव्या मिनिटाला एक फेडला, म्हणजे तेव्हाही शेवट जडच गेला, पण एक गोल शिल्लक होता. 2-1, सुवर्णपदक. रहीमसाहेब तेव्हा कॅन्सरने आजारी होते, पुढच्या 11 जूनला गेले. पिक्चरमध्ये हा सामना आला तेव्हा थंगराजकडे बघताना मला आमचा गोलकी दिसला आणि पिक्चर संपायच्या आत मी पेटी उघडली.

मागच्या रविवारी नातवाला गाडी काढायला लावली आणि बसवकल्याणकडे गेलो. गुडघ्याने चालणं होत नाही त्याला, पण आवाज तोच. मी वही पुढे ठेवली, चारही सामन्यांच्या वेळा दाखवल्या, मग पंधरा रुपयांचं पान उघडलं आणि जे सांगायचं होतं ते सांगितलं. सुनेने चहा आणला, तो निवाला. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग चष्मा पुसून मागची पानं चाळायला लागला आणि शेवटच्या सामन्यापाशी थांबला.

"हे चूक लिहिलंस लेका," म्हणाला. "अडुसष्टाव्याला नाही. घड्याळ सरांच्या हातात होतं, मी विचारून घेतलतं. बहात्तर मिनिटं झालती. डाव्या बाजूने कॉर्नर आलता, आपला बॅक खाली बसलता, पोटरीला गोळा आलता त्याच्या. मी त्याला उठ म्हणालो."

नातवाकडून पेन घेऊन मी आकडा दुरुस्त केला आणि शेजारी त्याची सही घेतली.