घरात कुणाला आहे का?

परवा ऑफिसात हेल्थ चेकअपचा कॅम्प होता. दंडाला पट्टा बांधला, बीपीचा आकडा जरा वरच आला. डॉक्टरांचा पहिला प्रश्न, "घरात कुणाला आहे का?" म्हटलं, बाबांना आहे. "मग काय, आनुवंशिक!" झालं, विषय संपला. आदल्या रात्री अडीचपर्यंत रिलीज चाललं होतं, ते कुणी विचारलंच नाही :)

शनिवारी वाचत बसलो तेव्हा लक्षात आलं, हाच प्रश्न अमेरिकेत एका अख्ख्या समाजाला विचारला गेलाय. तिथल्या कृष्णवर्णीयांमध्ये उच्च रक्तदाब गोऱ्यांपेक्षा जास्त, आणि कमी वयातच दिसतो. का बरं?

१९८०च्या दशकात क्लॅरेन्स ग्रिम आणि थॉमस विल्सन यांनी एक उत्तर दिलं. गुलामांच्या जहाजांवर घाम, जुलाब, उलट्यांनी माणसं मेली. ज्यांचं शरीर मीठ धरून ठेवायचं ती वाचली, आणि तोच गुण पुढच्या पिढ्यांत उतरला. गोष्ट एकदम फिट! पण १९९२ मध्ये फिलिप कर्टिन या इतिहासकाराने दाखवून दिलं की तिला ऐतिहासिक पुराव्याचा आधारच नाही.

मग १९९७ मध्ये रिचर्ड कूपर आणि सहकाऱ्यांनी मूळच्या पश्चिम आफ्रिकी लोकांचं बीपी तीन ठिकाणी मोजलं. उच्च रक्तदाबाचं प्रमाण पश्चिम आफ्रिकेत १६ टक्के, कॅरिबियन बेटांवर २६, अमेरिकेत ३३. पूर्वज साधारण त्याच भागातले, आकडा मात्र चढत गेलेला!

मग जनुकांचा काहीच संबंध नाही? तसंही नाही. जॉर्जिया राज्यातल्या ऑगस्टा इथे संशोधकांनी कृष्णवर्णीय आणि गोऱ्या, दोन्ही तरुण जुळ्यांना तपासलं. त्यांना गाडी चालवायच्या व्हिडिओ गेमसारखे ताण देऊन हृदयावर काय परिणाम होतो ते मोजलं. हुबेहूब जुळ्यांची सगळी जनुकं सारखी, इतर जुळ्यांची सरासरी निम्मी. हुबेहूब जुळ्यांचे आकडे जितके जास्त जुळतील, तितका जनुकांचा वाटा मोठा. २००३ मध्ये हॅरोल्ड स्नीडर आणि सहकाऱ्यांनी बीपीचे निष्कर्ष छापले: जनुकांचा वाटा बऱ्यापैकी, पण दोन्ही गटांत जवळपास सारखाच. २००९ मध्ये हृदयाच्या ठोक्यांबद्दल आणखी एक गंमत कळली. जनुकांचा काही परिणाम एरवी दिसतच नाही, ताण आला की मगच दिसतो. आमच्या भाषेत, लोड आल्यावरच दिसणारा बग!

इथेच बहुतेकांची गल्लत होते. वाटा आहे म्हणजे दोन गटांतला फरकही जनुकांमुळेच, असं नव्हे. रिचर्ड लेवॉन्टिन यांनी १९७० मध्ये बियाण्याचा दाखला दिला होता. तो आपल्याकडे आणायचा तर, एकाच पोत्यातलं बियाणं अर्धं काळ्या जमिनीत पेरा, अर्धं माळरानावर. एका शेतातली रोपं लहानमोठी होतील ती बियाण्यामुळे. पण दोन शेतांतला फरक? तो मातीचा.

आणि हा नुसता शब्दांचा खेळ नाही, मंडळी. सगळं बिल जनुकांच्या नावावर फाडलं की वस्ती, पगार, रोजचा अपमान यांचा हिशोब मागायला कुणी उरत नाही. माती बदलता येते, पण त्यासाठी आधी तिच्याकडे बघावं लागतं.

असो. बाबांनी मला जनुकं दिली, रात्री अडीचची रिलीज नाहीत. पुढच्या चेकअपला डॉक्टरांनी विचारलं तर घरासोबत ऑफिसचंही सांगणार आहे.