वाङ्मयचौर्य, विद्यार्थी-संशोधनातील
दुसऱ्याचे शब्द, कल्पना वा आधारसामग्री मूळ कर्त्याचा निर्देश न करता स्वतःची म्हणून मांडणे. भारतात विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांनुसार प्रबंधातील १० टक्क्यांपर्यंतचे साम्य दंडास पात्र नसते. त्यापुढे ४० टक्क्यांपर्यंत, अधिकाधिक ६ महिन्यांच्या मुदतीत, सुधारित प्रबंध द्यावा लागतो, ६० टक्क्यांपर्यंत तो वर्षभर सादर करता येत नाही आणि त्याहून अधिक साम्य आढळल्यास नोंदणीच रद्द होते. श्रेय नमूद केलेली अवतरणे व संदर्भसूची या मोजणीतून वगळतात. मात्र ही मोजणी करणारी संगणकप्रणाली प्रामुख्याने शब्दांचे साम्य टिपते. इंग्रजी ग्रंथातील प्रतिपादन श्रेयाविना मराठीत उतरवले, तर ही अधिक गंभीर उचलेगिरी प्रणालीच्या तपासणीतून सहज निसटते, म्हणून मार्गदर्शकाने विद्यार्थ्याची टिपणे व कच्चे खर्डे प्रारंभापासून पाहणे अगत्याचे असते.