चांदीचा चिमटा

१६१६ च्या पावसाळ्याअखेरीस, तापी समुद्राला मिळते तिथून जवळच्या, सुरतेच्या सुवाली बंदरात इंग्रजांची जहाजे लागली. निघताना त्यांच्यावर जहांगीर बादशहासाठी एक वेगळाच नजराणा होता: धिप्पाड मॅस्टिफ आणि थोराड आयरिश ग्रेहाउंड, मिळून आठ कुत्रे. जिवंत पोचले दोनच मॅस्टिफ. बाकीच्यांपैकी एकाने तर वाटेत डॉल्फिनसारख्या पॉर्पॉइज प्राण्यांची झुंड पाहून भर समुद्रात उडी घेतली होती. वाऱ्यावर धावणारे जहाज त्याच्यासाठी थांबवता आले नाही.

हे सारे लिहून ठेवले एडवर्ड टेरी या पाद्र्याने. तो त्याच ताफ्यातून आला आणि पुढे इंग्रज वकील सर थॉमस रो याच्याजवळ राहिला. उरलेल्या दोघांना छोट्या गाड्यांत बसवून दरबाराकडे नेले. वाटेत एक जण सुटला आणि त्याने थेट एका हत्तीच्या सोंडेत दात रोवले. हा किस्सा ऐकून बादशहा खूश झाला. त्याने प्रत्येक कुत्र्यामागे चार नोकर नेमले: दोघांनी पालखी वाहायची, दोघांनी माश्या वारायच्या. शिवाय मनात येईल तेव्हा स्वतः घास भरवता यावा म्हणून चांदीचा चिमटा घडवून घेतला.

सुरतेत कुत्र्याला खाऊ घालायला दरबारी थाट लागत नसे. १६८९ मध्ये इथे आलेल्या इंग्रज पाद्री जॉन ओव्हिंग्टनने शहराबाहेरचा, बनियांच्या पैशावर चालणारा जनावरांचा दवाखाना नोंदवला आहे. गायी, घोडे, बकऱ्यांबरोबर तिथे म्हातारे, लंगडे कुत्रेही पोसले जात. गुजरातेत गल्लीतली कुत्री व्याली की घरोघरचे तूप, गूळ, पीठ गोळा करून तिला शिरा करून घालण्याची जुनी रीत आहे.

पोटभर घालणे म्हणजे माया, हे त्या रीतीचे मर्म. पण मोठ्या जातीच्या कुत्र्यावर ही माया जपून करावी लागते.

मॅस्टिफ, ग्रेट डेन, जर्मन शेफर्ड यांची छाती खोल असते. मुधोळच्या घोरपडे घराण्याने जोपासलेला मुधोळ हाउंडही खोल छातीचाच. अशा कुत्र्याचे जठर हवेने फुगते आणि कधी कधी स्वतःभोवती पीळ खाते. मग हवा ना वर जाते ना खाली, रक्तवाहिन्या दाबल्या जातात आणि काही तासांत जीव जातो.

अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठात लॅरी ग्लिकमन यांच्या गटाने ११ मोठ्या जातींच्या १,६०० हून अधिक कुत्र्यांवर काही वर्षे नजर ठेवली. २००० साली त्यांनी धोका वाढवणाऱ्या गोष्टी मांडल्या: वाढते वय, आईबाप किंवा भावंडांना झालेला हाच आजार आणि अधाशीपणे खाणे. भांडे उंचावर ठेवले की पोट फुगत नाही, असे तोवर सर्रास सांगितले जाई. या पाहणीत उंच भांड्याने धोका उलट वाढलेला दिसला.

जहांगीराच्या चिमट्यातून एकेकच घास जात असणार. आज पशुवैद्य सांगतात तेही याच्याजवळचेच: दिवसाचे खाणे दोन-तीन वेळा विभागून द्यावे, भराभर गिळणाऱ्यासाठी आत उंचवटे असलेले भांडे वापरावे, दोन कुत्र्यांना शेजारी खायला घालू नये, जेवणाच्या आगेमागे तासभर पळवू नये. ज्या जातींना धोका फार, त्यांचे जठर पोटाच्या भिंतीला टाचून घेण्याची शस्त्रक्रियाही होते. त्याने पोट फुगणे थांबत नाही, पीळ पडणे बहुधा टळते.

कामावरून रात्री दमून आल्यावर सगळे खाणे एकदम वाढून मोकळे व्हावेसे वाटणे साहजिक आहे. तरी सकाळचा वाटा सकाळीच जावा. आणि कुत्रा ओकारीचा जोर करतोय पण काही पडत नाही, लाळ गळतेय, पोट नगाऱ्यासारखे ताठ झालेय, असे दिसले तर ओवा-हिंग शोधत बसू नये. तो खुशाल झोपेल म्हणून सकाळची वाटही पाहू नये. त्याच रात्री गाडी काढून पशुवैद्याचे दार गाठावे.