ह्युएन त्संगाचे वाटाडे

मध्य आशियाचा प्रवास आज ठरीव होऊन गेला आहे. बिश्केकहून निघावें, इस्सिक-कूल सरोवराच्या कांठीं एकदोन दिवस काढावे, मेंढपाळांच्या नमद्याच्या तंबूंत एखादी रात्र घालवावी, मग डोंगर उतरून ताश्कंद, समरकंद आणि बुखारा हीं शहरें पाहावीं आणि दहाबारा दिवसांनीं विमानानें घरीं परतावें. वाटाड्या, दुभाषी, गाडी, परवाने, मुक्काम, सारें आधींच ठरलेलें असतें. प्रवाशानें सकाळीं वेळेवर तयार राहिलें कीं झालें. असा प्रवास करणाराला मनांतून थोडें ओशाळल्यासारखें होतें. खरे प्रवासी ते जुने. त्यांनीं एकट्यानें, जिवावर उदार होऊन या वाटा तुडविल्या. आपण केवळ दुसऱ्याच्या बोटाला धरून चालतों, असें त्याला वाटतें.

या जुन्या प्रवाशांत पहिला मान ह्युएन त्संग या चिनी भिक्षूचा. श्रोत्यांना त्याचें नांव परकें नाहीं. इ. स. ६४१ च्या सुमारास तो महाराष्ट्रांत आला होता. दुसऱ्या पुलकेशीचें आणि येथील मानी, उपकार न विसरणाऱ्या व अपमान सहन न करणाऱ्या लोकांचें वर्णन त्यानें करून ठेविलें आहे. परंतु त्यापूर्वीं दहाअकरा वर्षें तो तिएन-शान पर्वत ओलांडून समरकंदास कसा पोंचला, ही हकीकत आपल्याकडे क्वचितच सांगितली जाते. चित्रकारांनीं तो एकटाच रंगविला आहे: पाठीवर ग्रंथांचें ओझें, पायांत साधे जोडे, आणि पुढें ओसाड वाट. हुइ-ली नांवाच्या भिक्षूनें लिहिलेलें आणि येन-त्सुंग यानें इ. स. ६८८ मध्यें पुरें केलेलें त्याचें चरित्र वाचूं लागलें म्हणजे मात्र हें चित्र टिकत नाहीं. तेथें जागोजागीं वाटाडे आहेत, दुभाषी आहेत, हमाल आहेत, राजांचे अधिकारी आणि व्यापाऱ्यांचे तांडे आहेत. चिनी सरहद्दीवरील वाळवंट सोडलें तर एकटेपणा या प्रवासांत जवळजवळ नाहींच.

त्या वाळवंटांतही आरंभ झाला तो वाटाड्यापासूनच. चरित्राप्रमाणें इ. स. ६२९ मध्यें ह्युएन त्संगानें राजधानी चांग-आन सोडली. बादशहा ताइ-त्सुंग नुकताच गादीवर आलेला होता आणि प्रजेला सरहद्दीबाहेर जाण्याची बंदी होती. क्वा-चौ या सरहद्दीवरच्या गांवीं शि पान-थो नांवाचा पश्चिमेकडचा एक तरुण त्याला भेटला. त्याच्या आडनांवावरून त्याचें घराणें मूळचें ताश्कंदकडचें असावें. त्यानें भिक्षूजवळ उपासकाचीं व्रतें घेतलीं, वाट दाखविण्याचें कबूल केलें आणि आपल्या ओळखीचा एक वृद्ध बरोबर आणला. या वृद्धाजवळ एक म्हातारा, रोड, तांबडा घोडा होता. हा घोडा हामीची वाट पंधरा वेळां करून आला आहे, असें सांगून त्यानें भिक्षूचा तरुण घोडा घेतला आणि आपला देऊन टाकला.

पुढील प्रसंग चरित्रकारानें विलक्षण संयमानें सांगितला आहे. झाडें तोडून, वर गवत व वाळू पसरून वाटाड्यानें नदीवर पूल केला आणि सर्वजण पार झाले. रात्रीं ह्युएन त्संग अंथरुणावर पडला असतां तो तरुण सुरा उपसून त्याच्याकडे येऊं लागला. दहाएक पावलांवर येऊन थबकला आणि परत फिरला. भिक्षु उठून बसला व नामस्मरण करूं लागला. सकाळीं तरुणानें मनांतलें सांगितलें: पुढें पाण्याच्या प्रत्येक जागीं सरकारी चौकी आहे, एकीवर जरी पकडले गेलों तरी सगळे मेलों, माझ्यामागें घरदार आहे, आणि तुम्ही सांपडलां तर माझें नांव सांगाल. ह्युएन त्संगानें शपथ घेतली कीं, देहाचे तुकडे झाले तरी तुझें नांव घेणार नाहीं. त्याला एक घोडा देऊन त्यानें निरोप दिला. पुढें अनेक लेखकांनीं या तरुणाला विश्वासघातकी ठरविलें. मला तो तसा वाटत नाहीं. कायद्याची तलवार त्याच्या मानेवर होती, भिक्षूच्या मानेवर होती त्याहून अधिक. कारण भिक्षु निघून जाणार होता आणि याला त्याच गांवांत राहावयाचें होतें.

यापुढचें वाळवंट मात्र ह्युएन त्संगानें खरोखर एकट्यानें ओलांडलें. पाण्याची पखाल हातांतून निसटून सांडली; चार रात्री आणि पांच दिवस घशाखालीं थेंब गेला नाहीं. शेवटीं घोडा एकाएकीं वाट सोडून भलत्याच दिशेला चालूं लागला, आवरला तरी आवरेना, आणि थोड्या अंतरावर हिरवें गवत व पाण्याचें डबकें लागलें. पंधरा वेळां ती वाट केल्याचें त्या घोड्यानें असें सिद्ध केलें.

हामीहून तो तुर्फानजवळच्या काओचांगला गेला आणि येथून प्रवासाचें रूपच पालटलें. तेथील राजा च्यू वेन-ताइ याला हा भिक्षु आपल्या राज्याचा गुरु म्हणून कायमचा हवा होता. तो सोडीना. ह्युएन त्संगानें तीन दिवस अन्नपाणी वर्ज्य केलें. चौथ्या दिवशीं त्याचा श्वास मंदावलेला पाहून राजा शरण आला. राजमातेसमोर दोघे भाऊ झाले. परत येतांना तीन वर्षें येथें राहीन, असें वचन भिक्षूनें दिलें. मग राजानें जी तयारी करून दिली तिची यादी वाचण्यासारखी आहे. बरोबर राहण्यास चार तरुण श्रामणेर, तीस चीवरें, थंडीसाठीं तोंडावरचे बुरखे, हातमोजे, जोडे व पायमोजे, शंभर ल्यांग सोनें, तीस हजार चांदीचीं नाणीं, पांचशें तागे रेशीम, तीस घोडे आणि पंचवीस मजूर. वीस वर्षें जाण्यायेण्यास पुरेल असा हा हिशेब होता.

परंतु सोन्याहून महत्त्वाचीं होतीं तीं पत्रें. वाटेवरच्या चोवीस राज्यांना चोवीस पत्रें, प्रत्येकाबरोबर खूण म्हणून नक्षीदार रेशमाचा एक तागा. आणि या साऱ्यांवर सत्ता चालविणारा पश्चिम तुर्कांचा खाकान, त्याला पांचशें तागे आणि दोन गाडे फळें. पत्राचा आशय असा कीं, हा भिक्षु माझा धाकटा भाऊ आहे, माझ्याकडे पाहतां तसें याच्याकडे पाहावें आणि पश्चिमेच्या राज्यांना आज्ञा करून याला उलाग घोडे देववावे. 'उलाग' हा तुर्की शब्द. मुक्कामामुक्कामाला बदलून मिळणारा डाकेचा घोडा, असा त्याचा अर्थ. मराठेशाहींतील दस्तक ज्यांना ठाऊक आहे त्यांना या कागदाचें सामर्थ्य सांगावयास नको. च्यू वेन-ताइचें वजन पडण्यास आणखी एक कारण होतें: त्याची बहीण खाकानाच्या थोरल्या मुलाला दिलेली होती. तुर्फानपासून थेट आमूदर्यापलीकडच्या कुंदुझपर्यंत भिक्षूची वाट सोयरिकीनें बांधलेली होती.

अर्थात् जेथें सोयरीक नव्हती तेथें पत्र चाललें नाहीं. पुढचेंच राज्य अग्नि, म्हणजे आजचें कराशहर. त्याचा काओचांगशीं जुना दावा. तेथील राजानें आदर दाखविला पण घोडे दिले नाहींत, आणि मंडळी एका रात्रींत पुढें निघाली. कुचा येथें बर्फानें वाट अडविली म्हणून साठांहून अधिक दिवस थांबावें लागलें.

नंतर तिएन-शान. ही खिंड कोणती याविषयीं मतभेद आहे. आज बहुतेकांचा कल बेदेल खिंडीकडे आहे, जिची उंची सुमारें १४,००० फूट भरते. पर्वतावर सात दिवस गेले. निजण्यास वा चूल मांडण्यास कोरडी जागा नाहीं. भांडें टांगून शिजवावयाचें आणि बर्फावर अंग टाकावयाचें. येथें तांबडीं वस्त्रें घालूं नयेत, भोपळे बरोबर घेऊं नयेत, मोठ्यानें ओरडूं नये, नाहीं तर नाग कोपून वादळ उठवितात, असा निर्बंध ह्युएन त्संगानें नोंदविला आहे. मोठ्या आवाजानें हिमराशि कोसळते, अशी समजूत अनेक पहाडी मुलखांत आहे. सात दिवसांनीं पलीकडे उतरले तेव्हां दहांपैकीं तीनचार माणसें थंडीनें व भुकेनें मेलीं होतीं. जनावरें त्याहून अधिक. त्यांपैकीं कोणाचें नांव चरित्रकारानें दिलेलें नाहीं. आपण ज्याला ह्युएन त्संगाचें पर्वतोल्लंघन म्हणतों त्याची किंमत बहुतांशीं या निनांवी माणसांनीं चुकविली.

खालीं इस्सिक-कूल. त्याचें चिनी नांव 'उष्ण समुद्र'. तें ऊन असल्यामुळें नव्हे, तर बर्फाच्या डोंगरासमोर असूनही गोठत नाहीं म्हणून. पाणी किंचित् खारट. येथून जवळच, चू नदीच्या खोऱ्यांत, सूयाब नगरीजवळ खाकान शिकारीवर असतांना भेटला. ही नगरी म्हणजे तोकमोकजवळचे अक-बेशिमचे अवशेष, इ. स. २०१४ मध्यें त्यांचा जागतिक वारशाच्या यादींत समावेश झाला. हिरवा रेशमी झगा, मोकळे केस, कपाळावरून मागें सोडलेली लांब रेशमी पट्टी, भोंवतीं किनखाब ल्यालेले, वेण्या घातलेले दोनशें सरदार आणि नजर पोंचणार नाहीं एवढें सैन्य. तुर्क अग्निपूजक, लाकडांत अग्नि असतो म्हणून लांकडी आसन ते वापरीत नसत. पाहुण्यासाठीं मात्र लोखंडी चौकटीची खुर्ची आली. इतरांपुढें मांस व मद्य, त्याच्यापुढें भात, पोळ्या, साय, खडीसाखर, मध आणि द्राक्षें. हिंदुस्थान फार उष्ण आहे, तुम्ही तेथें वितळून जाल, जाऊं नका, असा सल्ला खाकानानें दिला. तो मानला जात नाहीं असें पाहून चांग-आनला कांहीं वर्षें राहिलेला, चिनी जाणणारा एक तरुण शोधून काढला, त्याला तर्खान ही पदवी दिली, हातीं पत्रें दिलीं आणि कपिशेपर्यंत भिक्षूबरोबर जाण्यास सांगितलें.

हा खाकान तुंग याब्घु होता असें चरित्रावरून दिसतें. येथें इतिहासकारांची अडचण होते, कारण चिनी बखरींच्या एका आधाराप्रमाणें त्याचा चुलत्याकडून खून झाला तो इ. स. ६२८ मध्यें. म्हणून कोणी भिक्षूचें प्रस्थान ६२७ मध्यें मागें नेतात, तर कोणी भेटलेला खाकान त्याचा मुलगा असावा असें म्हणतात. कसेंही असलें तरी ज्या सत्तेच्या छत्राखालून ह्युएन त्संग गेला तें छत्र त्याच वेळीं फाटूं लागलें होतें.

समरकंदास त्याची परीक्षा झाली. तेथील लोक अग्निपूजक, दोन बौद्ध विहार ओस पडलेले. राजानें आधीं उपेक्षा केली. एका रात्रीच्या उपदेशानंतर त्याचें मन वळलें. पण त्याचे दोन तरुण भिक्षु विहारांत पूजेस गेले तेव्हां लोकांनीं जळतीं लांकडें घेऊन त्यांना पिटाळलें. अपराध्यांचे हात तोडण्याची आज्ञा सुटली, आणि ह्युएन त्संगानें रदबदली करून ती फटक्यांवर व हद्दपारीवर आणली. त्याच समरकंदच्या जुन्या गढीवर, अफ्रासियाब येथें, इ. स. १९६५ मध्यें सातव्या शतकांतील राजवाड्याचीं भित्तिचित्रें सांपडलीं. भिक्षूनंतर तीसएक वर्षांनीं काढलेल्या त्या चित्रांत लांब वेण्यांचे तुर्क बसलेले आहेत आणि चिनी वकील रेशीम हातांत धरून उभे आहेत. चरित्रांतल्या तपशिलांवर संशय घेणाऱ्यानें ती भिंत पाहावी.

परतीच्या वेळीं, इ. स. ६४४ मध्यें, ह्युएन त्संग पामीर ओलांडून काशगरवरून खोतानास आला. काओचांगला त्याला जावयाचें नव्हतें. तेथें दिलेलें वचन पाळण्यास समोर कोणी उरलेंच नव्हतें. ६४० मध्यें चिनी फौज चालून येत असतां च्यू वेन-ताइ मरण पावला, मुलानें शरणागति पत्करली आणि राज्य बादशाही मुलखांत सामील झालें. विनापरवाना गेल्याची क्षमा मागणारें पत्र भिक्षूनें खोतानहून बादशहाला धाडलें. व्यापाऱ्यांच्या तांड्याबरोबर तें घेऊन जाणारा तरुण काओचांगचा होता. उत्तर येण्यास सातआठ महिने लागले.

इ. स. ६४६ मध्यें बादशहाच्या आज्ञेनें पश्चिमेच्या देशांचें त्याचें वर्णन तयार झालें. त्यांत खाकानाची मेजवानी नाहीं, चोवीस पत्रें नाहींत, तीस घोडे नाहींत. काओचांगला तर स्वतंत्र प्रकरणही नाहीं. काओचांगची जुनी भूमि सोडली कीं पहिला देश लागतो तो अग्नि, एवढ्या शब्दांत त्याची बोळवण झाली आहे, आणि पहिलें प्रकरण मिळालें आहे तें घोडे नाकारणाऱ्या अग्निदेशाला.