व्हर्च्युअल मशीनमध्ये इंटरप्ट कसा पोचतो?

जळगावात ॲप बनवायला शिकणारी पोरं मला विचारतात, लॅपटॉपवरचा अँड्रॉइड एम्युलेटर अडखळतो का? एक कारण इंटरप्ट.

धुळ्यातलं एखादं वसतिगृह घ्या. पार्सल थेट खोलीत जात नाही, आधी वॉचमनकडे. हायपरव्हायझर म्हणजे हा वॉचमन, खोलीतला गेस्ट म्हणजे आतली अँड्रॉइड. नेटवर्क कार्डाचा इंटरप्ट आला की प्रोसेसर गेस्टमधून बाहेर येतो. हायपरव्हायझर तो हाताळतो आणि गेस्टला आभासी इंटरप्ट देतो. गेस्टने इंटरप्ट बंद ठेवले असतील तर राखून ठेवतो. हरवला, तर गेस्ट वाट बघत बसलाच!

खरी डोकेदुखी ही ये-जा. म्हणून इंटेलच्या सर्व्हर प्रोसेसरमध्ये पोस्टेड इंटरप्ट आले: गेस्ट न थांबता निरोप थेट आत. एआरएममध्ये हायपरव्हायझर लिस्ट रजिस्टरमध्ये नोंद करतो, पोच गेस्ट स्वतःच देतो. अँड्रॉइड 13 पासून काही फोनमध्येही पीकेव्हीएम हा हायपरव्हायझर आहे.