पॉइंटची कुळकथा

पावसाळ्यात टोकावड्याच्या पुढे माळशेजच्या चढाला जुनी फियाट आचके द्यायला लागली, की मुरबाडकडचा जाणता मिस्त्री कार्ब्युरेटरला हात लावत नाही. आधी डिस्ट्रिब्युटरची टोपी काढतो, आतली ओल कोरड्या फडक्याने टिपतो आणि मग पॉइंट, म्हणजे प्रवाह जोडणारी-तोडणारी छोटी जोडी, बघतो. शहापूरहून कसारा घाटाकडे जाणाऱ्या हमरस्त्यावरही हाच क्रम. पेट्रोल येतंय, बॅटरी भरलेली आहे, तरी गाडी बसते. त्याचं कारण बहुतेक वेळा या नखाएवढ्या जोडीत सापडतं.

या जोडीचं काम नीट पाहिलं तर विलक्षण आहे. पॉइंट मिटलेले असताना बारा व्होल्टच्या बॅटरीचा प्रवाह कॉइलमधून वाहतो. मधला कॅम फिरून पॉइंट उघडतो, प्रवाह एकदम तुटतो आणि त्या तुटण्यातूनच कॉइलच्या दुसऱ्या वेढ्यांत हजारो व्होल्टचा दाब उभा राहून प्लगवर ठिणगी पडते. चार सिलिंडरचं इंजिन मिनिटाला चार हजार फेरे घेत असेल, तर पॉइंट मिनिटाला आठ हजार वेळा उघडतात आणि मिटतात.

या पॉइंटचं मूळ फ्रान्समध्ये सापडतं. द दिऑं-बूतों कंपनीच्या 1890 च्या दशकातल्या वेगवान छोट्या इंजिनांवर असा यांत्रिक खटका होता. पुढे बॅटरीशिवाय ठिणगी देणाऱ्या बॉशच्या मॅग्नेटोचा जमाना आला. मग अमेरिकेत डेटन गावी चार्ल्स केटरिंग यांनी बॅटरी, कॉइल आणि पॉइंट यांची भरवशाची सांगड घातली. ती 1910 च्या कॅडिलॅक गाड्यांवर चढली. पुढची साठ-सत्तर वर्षं जगातल्या बहुतेक पेट्रोल गाड्या याच पद्धतीवर धावल्या.

आपल्या फियाटचं इंजिनही मोठ्या घराण्यातलं. 1089 सीसीचं हे इंजिन इटलीत 1937 च्या फियाट 1100 वर आलं. त्याच घराण्याच्या इंजिनावर दुसऱ्या महायुद्धानंतर चिसितालिया ही देखणी स्पोर्ट्‌स कार उभी राहिली. 1947 च्या मिले मिल्या शर्यतीत 54 वर्षांचा शर्यतपटू ताझिओ नुवोलारी ती उघडी गाडी घेऊन आघाडीवर होता. वाटेत मुसळधार पाऊस लागला, इग्निशनमध्ये पाणी शिरलं, वेळ गेला आणि प्रतिस्पर्धी बियोंदेत्तीची कितीतरी मोठ्या इंजिनाची अल्फा रोमिओ पुढे निघून गेली. नुवोलारी दुसरा आला. माळशेजच्या पावसात अडकलेल्या फियाटवाल्याचं दुखणं हेच! कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात हे घराणं पद्मिनीच्या रूपाने थेट 2000 सालापर्यंत नांदलं.

पॉइंट बदलणं हे कष्टाचं काम नाही, नजाकतीचं आहे. टोपी आणि रोटर काढायचा. बारीक स्क्रू ढिला करताना बोट खाली धरायचं, कारण तो आत पडला तर अख्खा डिस्ट्रिब्युटर उतरवावा लागतो. वायरवरचे छोटे वॉशर ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने परत बसवायचे. एक उलटसुलट झाला की पॉइंट बॉडीला शॉर्ट होतो आणि ठिणगीच पडत नाही. कॅमच्या उंचवट्यावर पॉइंट पूर्ण उघडा आणून मधे फिलर गेज घालायचं. फट साधारण पाऊण मिलिमीटर नव्हे, अर्ध्याच्याही किंचित आत हवी. पात्याला हलकी ओढ लागली पाहिजे, दाब नको. स्क्रू आवळताना फट सरकते, म्हणून आवळल्यावर पुन्हा मोजायची.

जुने पॉइंट एका बाजूला खड्डा आणि दुसरीकडे उंचवटा असे जळालेले निघाले, तर पॉइंटवरची ठिणगी दाबणारा कंडेन्सरही बदलावा. नुसते पॉइंट पॉलिश पेपरने घासून चालवणं मला पटत नाही; आठवड्यात तेच दुखणं परत येतं.

इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवलं की ही कटकट संपते, हे खरं. तरी माझा कौल पॉइंटलाच. इलेक्ट्रॉनिक खोका बंद पडला, तर घाटात बसून राहण्यावाचून गत्यंतर नाही. पॉइंट मात्र स्क्रू-ड्रायव्हर आणि फडक्यावर चालू होतात. फक्त नव्या पॉइंटची एक खोड लक्षात ठेवावी: कॅमवर घासणारी त्यांची फायबरची टाच सुरुवातीला झिजते, फट कमी होते आणि ठिणगी उशिरा पडू लागते. म्हणून कॅमला चिमूटभर ग्रीस लावून, पाचएकशे किलोमीटर झाल्यावर टोपी पुन्हा उघडावी आणि फट मोजून घ्यावी.